हात धुण्याचे कर्तव्य

रोग्याला बरे करण्यासाठी जे घर बांधले, त्याच घरात त्याला नवा रोग जडावा, यासारखी खेदाची गोष्ट दुसरी नाही. तथापि असे जगातील सर्व देशांत घडत आले आहे. आणि ते टाळण्याचा पहिला उपाय एखादे महागडे यंत्र नसून साबण व पाणी हा आहे. उपाय इतका सोपा असता तो नित्य अमलात का येत नाही, याचा विचार विद्यार्थ्यांनी व पालकांनी अवश्य करावा.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. प्रतिजैविक औषध दिले म्हणजे बहुतेक जंतू मरतात. परंतु ज्यांच्या अंगी त्या औषधास तोंड देण्याची शक्ती आलेली असते, ते वाचतात व त्यांचीच प्रजा वाढते. औषध जितके अकारण वापरावे, तितकी ही प्रजा बळावते. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच हा इशारा देऊन ठेवला होता.

आपल्या देशाचेच उदाहरण पाहा. नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका रोग्याच्या शरीरात २००८ साली स्वीडनमध्ये असा जंतू सापडला की, अखेरची म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम जातीची औषधेही त्याजपुढे निष्फळ ठरली. त्याच्या या गुणास 'एनडीएम-१' हे दिल्लीचे नाव मिळाल्यामुळे येथे मोठा संताप व्यक्त झाला. परंतु २०१० सालीच मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी आपल्या प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रसिद्ध केले. कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये हाच गुण आढळला होता. आपल्या घरातील दोष मोजून तो जगापुढे मांडणे, ही सुधारणेची पहिली पायरी होय.

येथे प्रश्न ज्ञानापेक्षा वृत्तीचा अधिक आहे. व्हिएन्ना येथील डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ साली प्रसूतिगृहात शिरण्यापूर्वी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. त्यांच्या विभागात १८४६ साली शेकडा अकराहून अधिक बाळंतिणी दगावत असत. १८४८ साली हे प्रमाण शेकडा सव्वावर आले. तरीही अनेक मान्यवर वैद्यांस तो नियम रुचला नाही. कारण तो मान्य करणे म्हणजे आपल्याच हातांनी मृत्यू वाहून नेला, असे कबूल करणे होते.

तीच अडचण आजही रूप पालटून उभी असते. हातमोजे घातले म्हणजे हात धुणे नको, असे कोणी समजतो. वस्तुतः तेच मोजे घालून दुसऱ्या खाटेकडे गेल्यास जंतूही सोबत जातात. रोग्यास स्पर्श केल्यावर हात धुणारा मनुष्य त्याच्या खाटेचा कठडा धरल्यावर मात्र विसरतो. वरिष्ठांनी हात धुतले नाहीत, तर नवशिक्या परिचारिकेस ते सांगण्याचा धीर होत नाही. ज्या रुग्णालयात वरिष्ठ स्वतः आधी हात धुतात, तेथे हा धीर निराळा शिकवावा लागत नाही.

परंतु सर्व दोष सेवकांच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. एकाच परिचारिकेकडे पुष्कळ खाटा असतील आणि नळ दूर असेल, तर साबणाने नीट हात धुण्यास लागणारी ४० ते ६० सेकंदे तिने प्रत्येक वेळी कोठून आणावीत? यास्तव खाटेजवळ हात निर्जंतुक करण्याचे द्रव ठेवणे आणि मनुष्यबळ पुरेसे देणे, हे चालकांचे कर्तव्य आहे.

आपणांकडेही काही वाटा येतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात एक रोगी दवाखान्यात असला की सारा गोतावळा त्याच्या खाटेवर बसतो. हे प्रेम खरे, पण ते हात धुऊन आणि दोघातिघांनीच दाखवावे. साध्या पडशासाठी डॉक्टरांकडे सुईचा वा कॅप्सूलचा हट्ट धरू नये. प्रतिजैविक औषध सांगितल्याप्रमाणेच घ्यावे, उरलेले शेजाऱ्यास देऊ नये.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण पुढे परिचारिका व डॉक्टर व्हाल. पिलाताने लोकांसमोर हात धुतले, ते जबाबदारी झटकण्यासाठी. तुम्ही धुवाल ते जबाबदारी पत्करण्यासाठी असोत. आणि कोणी पाहत नसतानाही धुवा, कारण पुढल्या खाटेवरील रोग्याचा जीव त्यावरच अवलंबून असतो.