अंदमानच्या प्रवासाची तयारी

बंगालच्या उपसागरातील अंदमान बेटे पाहावयाची असतील, तर प्रथम ऋतूचा विचार करावा. तेथे दोन्ही मोसमी वारे पाऊस आणतात. मे महिन्यात लागलेला पाऊस बहुधा डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. म्हणून जानेवारी ते एप्रिल हा काळ सोयीचा. चेन्नईहून विमान सुमारे दोन तासांत पोहोचते. बोटीस तीन-चार दिवस लागतात. समुद्र केवढा आहे, हे मात्र बोटीतूनच कळते!

राजधानीस उतरल्यावर (पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्रीविजयपुरम् झाले) पहाटेच उठावे. घड्याळ भारतभर एकच. पण अंदमान मुंबईच्या पूर्वेस सुमारे २० रेखांशांवर आहे. एका रेखांशास चार मिनिटे, या हिशेबाने सूर्य तेथे मुंबईपेक्षा ८० मिनिटे आधी माथ्यावर येतो. सायंकाळी सहाच्या आतच दिवे लावावे लागतात.

१९०६ साली पुरा झालेला सेल्युलर तुरुंग अवश्य पाहावा. त्याच्या सात शाखा अशा बांधल्या होत्या, की एकीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे असे. कैद्यास दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये, हा हेतू. आज तीनच शाखा उभ्या आहेत.

एक बेट मात्र बेतातून वगळावे, ते उत्तर सेंटिनेल. तेथील लोकांना बाहेरच्यांचा सहवास नको आहे. शिवाय आपले साधे पडसेही त्यांचा जीव घेऊ शकेल. कारण अशा रोगांशी झुंजण्याची शक्ती त्यांच्या शरीरात आलेली नाही. १९५६ च्या कायद्याने त्यांना संरक्षण दिले असून, बेटाभोवती सुमारे ९ किलोमीटरपर्यंत नाव नेण्यासही मनाई आहे.