विक्रोळीची मिस लिलियन आणि तारापूरचं युरेनियम

२४ सप्टेंबर १९८० या दिवशी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या सिनेटने पालघर तालुक्यातल्या एका गावावर मतदान केलं. तारापूरच्या अणुवीज केंद्राला समृद्ध युरेनियम द्यायचं की नाही, असा प्रश्न होता. पाठवणी रोखावी असं ४६ जणांचं म्हणणं पडलं, तर ४८ जणांनी राष्ट्राध्यक्षांची बाजू घेतली. आदल्याच आठवड्यात प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ अशा प्रचंड बहुमताने नकार दिला होता. नकार लागू व्हायला दोन्ही सभागृहांची संमती लागत असल्यामुळे सिनेटमधल्या त्या दोन मतांच्या फरकावर तारापूरचं इंधन सुटलं. ज्यांच्या आदेशावर हे मतदान झालं ते राष्ट्राध्यक्ष म्हणजे जेम्स अर्ल कार्टर, अर्थात जिमी कार्टर. सहा आठवड्यांनी ते निवडणूक हरले.

कार्टर आणि भारत म्हटलं की बहुतेकांना हरियाणातलं कार्टरपुरी आठवतं. ३ जानेवारी १९७८ रोजी ते पत्नी रोझलिन यांच्यासह दिल्लीजवळच्या दौलतपूर नसीराबाद गावी गेले आणि गावकऱ्यांनी गावाचं नावच बदललं. गोष्ट गोड आहे, वर्तमानपत्रांना दर काही वर्षांनी ती आठवते. पण ती काही तासांची भेट होती. कार्टर घराण्याचं खरं, दीर्घ आणि कधी कधी कडवट झालेलं नातं महाराष्ट्राशी आहे. विक्रोळी, तारापूर आणि लोणावळ्याजवळचं पाटण ही त्याची तीन ठिकाणं. त्यातलं तारापूर सर्वांत महत्त्वाचं, आणि त्याची नोंद आपण सर्वांत कमी ठेवली आहे.

सुरुवात आईपासून करायला हवी. लिलियन कार्टर यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९८चा. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या खेड्यात त्या परिचारिका होत्या. वर्णभेद कडक पाळला जाण्याच्या काळातही त्या काळ्या कुटुंबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करत, आणि गावात त्यांना सगळे ‘मिस लिलियन’ म्हणत. पतीच्या निधनानंतर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक संघटनेत नाव घातलं आणि १९६६ मध्ये त्या मुंबईला आल्या. त्याआधी त्यांना मराठीचे धडे देण्यात आले होते. नेमणूक झाली विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत. प्रथम कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचं काम मिळालं, पुढे त्या दवाखान्यात रुजू झाल्या. इंजेक्शनं देणं, जखमा धुणं, कुष्ठरुग्णांची सेवा करणं असं सगळं त्यांनी एकवीस महिने केलं. त्यांनी घरी लिहिलेली पत्रं १९७७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली, तोवर मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला होता. त्या विक्रोळीला आल्या त्याच वर्षी मात्र हा मुलगा जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाची पहिली निवडणूक हरला होता. विक्रोळीतल्या रुग्णांनी एका पराभूत उमेदवाराच्या आईच्या हातून औषध घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण त्या सेवेमागे कुठलाही दरबारी हिशेब नव्हता.

मिस लिलियन विक्रोळीत होत्या त्याच काळात बोईसर स्टेशनावरून तारापूरकडे यंत्रसामग्री आणि माणसं चालली होती. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरसाठी करार झाला, तेव्हा जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष होते. कराराची मुदत तीस वर्षांची होती. अमेरिकेने जवळपास ८ कोटी डॉलरचं कर्ज चाळीस वर्षांच्या मुदतीने आणि पाऊण टक्का व्याजाने दिलं. अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, अभियांत्रिकी बेक्टेलची. १९६४ मध्ये काम सुरू झालं आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. प्रत्येकी २१० मेगावॉटच्या दोन संचांचं हे भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र. डॉ. होमी भाभांनी ज्यासाठी जिवाचं रान केलं, ते पूर्ण झालेलं पाहायला ते नव्हते, जानेवारी १९६६ मध्येच विमान अपघातात गेले. तारापूर निवडण्यामागे साधी कारणं होती. कोळशाच्या खाणी लांब, थंड करण्यासाठी समुद्राचं पाणी हाताशी, आणि मुंबई व गुजरात या दोन्ही बाजूंना विजेची भूक.

पण या केंद्राला एक अडचण जन्मापासून चिकटली होती. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं. राजस्थानात आणि पुढे इतरत्र आपण ज्या भट्ट्या बांधल्या त्या याच युरेनियमवर, जड पाण्याच्या मदतीने चालतात. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्याच्या, त्यामुळे त्यांना समृद्ध युरेनियमच लागतं. १९६३च्या कराराने ते पुरवण्याची जबाबदारी अमेरिकेने घेतली होती. अमेरिकेहून आलेल्या युरेनियमच्या हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये गोळ्या बनत, त्या नळ्यांत भरून जुडगे तयार होत आणि मग ते तारापूरला येत. १८ मे १९७४ रोजी पोखरणचा स्फोट झाला आणि अमेरिकेत या पुरवठ्याकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. पोखरणसाठी तारापूरचं इंधन वापरलं नव्हतं. तरी शिक्षा तारापूरला भोगावी लागली.

१९७७ मध्ये हा प्रश्न ज्या माणसाच्या मेजावर येऊन पडला, त्याने अणुभट्टी आतून पाहिली होती. हे अमेरिकेच्या दुसऱ्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षाबद्दल म्हणता येणार नाही. कार्टर म्हटलं की लोकांना भुईमुगाचा शेतकरी आठवतो. ते खरं आहे, पण अर्धंच. अॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून १९४६ मध्ये बाहेर पडलेला हा तरुण अॅडमिरल हायमन रिकोव्हर यांच्या अणु-पाणबुडी कार्यक्रमात निवडला गेला. ‘सीवुल्फ’ या पाणबुडीच्या अणुभट्टीवर त्याने स्केनेक्टडी इथे काम केलं. ती भट्टी जनरल इलेक्ट्रिकच बनवत होती, म्हणजे तारापूरची कंपनी कार्टरना बोईसरचं नाव ऐकण्याआधीपासून ओळखीची होती.

डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडात चॉक रिव्हर इथल्या भट्टीत अपघात झाला. गाभा अंशतः वितळला आणि तळघर किरणोत्सारी पाण्याने भरलं. साफसफाईसाठी पाठवलेल्या अमेरिकी नौसैनिकांच्या एका तुकडीचं नेतृत्व अठ्ठावीस वर्षांच्या लेफ्टनंट कार्टरकडे होतं. जवळच्या टेनिस कोर्टवर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारली गेली. कुठला बोल्ट कुठे आहे, कोणती पकड लागेल, हे पाठ होईपर्यंत तिथे सराव चाले. मग खऱ्या भट्टीत उतरायचं ते साधारण दीड मिनिटासाठी. तेवढ्यात एखाददुसरा बोल्ट काढून वर यायचं, कारण तेवढ्या वेळातच वर्षभराची मर्यादा गाठली जाई. पुढचे काही महिने आपली लघवी किरणोत्सारी निघत होती, असं कार्टरनी स्वतः सांगितलं आहे. पुढच्याच वर्षी वडील वारले, नौदल सोडून ते शेतीवर परतले. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडचा अपघात झाला, तेव्हा चौथ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष कार्टर पायात पिवळे संरक्षक बूट चढवून नियंत्रण कक्षात उभे होते. लोकांना धीर देण्यासाठी ते गेले होते, आणि तो धीर पोकळ नव्हता.

अशा माणसाला अणुशक्तीची भीती नव्हती, पण ती कोणाच्या हाती जाईल याची होती. एप्रिल १९७७ मध्ये त्यांनी अमेरिकेतच वापरलेल्या इंधनाची व्यापारी पुनर्प्रक्रिया थांबवली, कारण पुनर्प्रक्रियेतून प्लुटोनियम निघतं. त्याचा थेट फटका तारापूरला बसला. इथे पुनर्प्रक्रियेचा कारखाना उभा होता. वापरलेल्या इंधनाचं काय करायचं ते दोन्ही देशांनी मिळून ठरवावं, असं करारात होतं. अमेरिका ते इंधन परत नेईना आणि पुनर्प्रक्रियेलाही मान्यता देईना. परिणामी ते केंद्राच्या तलावांत साचत गेलं.

जानेवारी १९७८ मध्ये कार्टर दिल्लीला आले. संसदेतल्या भाषणात त्यांनी तारापूरला इंधन देण्याची घोषणा केली. त्याच दौऱ्यात एक प्रसंग घडला. पंतप्रधान मोरारजी देसाई सर्व अणुकेंद्रांची आंतरराष्ट्रीय तपासणी मान्य करायला तयार नव्हते. चर्चेनंतर कार्टर आपले परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांना हळूच म्हणाले, परत गेल्यावर यांना आणखी एक पत्र लिहायला हवं, थंड आणि अगदी रोखठोक. शेजारचा मायक्रोफोन चालू होता. वाक्य पत्रकारांनी टिपलं आणि जगभर छापलं गेलं. मोरारजींनी त्याचा बाऊ केला नाही आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी दिल्ली जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मोरारजीभाई वलसाडजवळच्या भदेलीचे, म्हणजे पालघरचे जवळजवळ शेजारीच. तारापूरसाठी ते जसे अडून राहिले, त्याचं श्रेय त्यांना फारसं दिलं जात नाही.

दोन महिन्यांनी, १० मार्च १९७८ रोजी, कार्टरनी अण्वस्त्रप्रसारबंदी कायद्यावर सही केली. ज्या देशाची सगळी अणुकेंद्रं आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला दोन वर्षांनंतर इंधन मिळणार नाही, असा त्याचा गाभा. इथे माझं मत स्पष्ट आहे. १९६३ मध्ये तीस वर्षांचा शब्द देऊन १९७८ मध्ये घरचा कायदा बदलून तो मागे घेणं हा भारतावर अन्याय होता. तारापूर पहिल्यापासून तपासणीखाली होतं. अट मोडली ती अमेरिकेने.

आणि तरीही त्याच माणसाने तारापूरसाठी आपल्याच यंत्रणेचा निर्णय दोनदा फिरवला. एप्रिल १९७८ मध्ये अमेरिकेच्या अणु नियामक आयोगात दोन-दोन अशी मतं पडून परवाना अडला, तेव्हा कार्टरनी आदेश काढून साडेसात टनांहून अधिक युरेनियम सोडलं. मे १९८० मध्ये तर आयोगाने एकमताने नकार दिला. जून महिन्यात कार्टरनी तोही बाजूला सारला. तोवर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या, दिल्लीत इंदिरा गांधी परतल्या होत्या आणि वॉशिंग्टनला भारत दुरावायला नको होता. म्हणजे कारण निव्वळ सद्भाव नव्हतं. पण निवडणुकीच्या वर्षात, आपल्याच पक्षाचा विरोध पत्करून, आपणच सही केलेल्या कायद्याच्या समर्थकांना तोंड देत हे करायला हिंमत लागते. सिनेटमध्ये विरोधाची धुरा वाहत होते पृथ्वीभोवती फेऱ्या मारणारे पहिले अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन. म्हणजे अंतराळवीर एका बाजूला, अणुअभियंता दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये आपलं तारापूर!

तारापूरचं पुढचं सगळं इंधन या दोन मतांनी सुटलं असं नाही. कायमचा मार्ग निघाला १९८२ मध्ये, जेव्हा रेगन आणि इंदिरा गांधी यांच्यात समझोता होऊन फ्रान्सने पुरवठा पत्करला. पुढे चीनने आणि मग रशियाने युरेनियम दिलं. या टंचाईने आपल्या शास्त्रज्ञांना मिश्र ऑक्साइड इंधन बनवायला शिकवलं आणि तेही तारापूरच्या भट्टीत वापरलं गेलं. पहिल्या दोन संचांची क्षमता नंतर १६० मेगावॉटवर आणली गेली. २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटचे दोन नवे संच सुरू झाले. ते नैसर्गिक युरेनियमवर चालतात आणि पूर्णपणे भारतीय बनावटीचे आहेत. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा झगडा उच्च न्यायालयापर्यंत गेला. वॉशिंग्टनमधल्या मतांइतकीच ही गावंही तारापूरच्या इतिहासाचा भाग आहेत.

कार्टर आपल्या मतापासून हटले नाहीत. २००६ मध्ये भारत-अमेरिका अणुकराराची चर्चा चालू असताना त्यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये त्याविरुद्ध लेख लिहिला. त्याच वर्षी, ऑक्टोबरच्या अखेरीस, ब्याऐंशी वर्षांचे कार्टर पत्नीसह मावळातल्या पाटण गावी हातोडा घेऊन उभे होते. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या कामातून मळवलीजवळ शंभर घरं बांधली गेली, जगभरातून आलेल्या स्वयंसेवकांबरोबर दोघांनी विटा रचल्या. हॉलिवूडचा ब्रॅड पिट येऊन गेला म्हणून त्या बातमीला तेव्हा जास्त जागा मिळाली, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

नारूचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. पायातून हातभर जंत बाहेर काढावा लागायचा तो हा रोग. आपल्याकडच्या जुन्या पिढीने पायविहिरींच्या गावांत तो पाहिलेला आहे. १९८६ मध्ये जगात सुमारे पस्तीस लाख रुग्ण होते. कार्टर यांच्या कार्टर सेंटर या संस्थेने तेव्हापासून जे काम उचललं, त्यामुळे ही संख्या अलीकडच्या वर्षांत पंधराच्या आसपास आली. भारताने आपली मोहीम स्वतंत्रपणे राबवून २००० मध्ये नारूमुक्तीचं प्रमाणपत्र मिळवलं. कार्टरना २००२ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभर वर्षं पूर्ण करून, ते प्लेन्समधल्या आपल्या घरीच गेले.

अटलांटातल्या कार्टर ग्रंथालयात त्यांच्या कारकिर्दीचे कागद जपून ठेवले आहेत. तारापूरची अमेरिकी बाजू अभ्यासकाला तिथे वाचता येते. आपली बाजू अजून माणसांच्या आठवणीत आहे. १९७४ ते १९८२ या वर्षांत ज्यांनी केंद्रात पाळ्या केल्या, इंधन पुरवून वापरलं, अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय तपासनीसांबरोबर काम केलं, ते लोक आता उतारवयात आहेत. बोईसर, पालघर, चिंचणी, डहाणूत त्यातले अनेक राहतात. घिवली, दांडी, उच्छेळीच्या मच्छीमारांनी केंद्र उभं राहताना पाहिलं आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झाला, त्याला आता स्वतःचं संग्रहालय हवं. तोवर या दिवाळीत घरी आलेल्या नातवंडांना वही-पेन घेऊन बसवा, आजोबांना त्या वर्षांबद्दल विचारायला सांगा आणि सांगतील ते तारीखवार लिहून घ्या.