आधी गुरू, मग यंत्र : पाटीच्या व्यवसायातील उमेदवारी

नव्या दुकानाची पाटी वर चढते तो दिवस व्यापारी कुटुंबात सणासारखाच असतो. नारळ वाढविला जातो, पेढे वाटले जातात आणि घरातील वडीलधारी मंडळी रस्त्याच्या पलीकडे जाऊन कौतुकाने वर पाहतात. आजोबांच्या नावाने नातवाने सुरू केलेली पेढी गावाला प्रथम कळते ती त्या फलकावरून. मात्र ही पाटी कोणी घडविली आणि ते काम तो कोणापाशी शिकला, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

आज तो करण्यास कारण आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही देवनागरीतील मराठी पाटी बंधनकारक ठरली. मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशीही अट त्यात आहे. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. अशा वेळी भांडवल, जागा आणि बाजारात ओळखी असलेल्या घरातील तरुणाला हा व्यवसाय खुणावला तर नवल नाही. तो छपाईयंत्राची, राउटरची, लेसरची दरपत्रके मागवितो. कर्जाची बोलणी सुरू होतात. फक्त एक गोष्ट राहून जाते. शिकणार कोणाकडे, याची चौकशी होत नाही.

खरे तर ही चूक व्यापारी घराने करू नये. किराणा असो, कापड असो वा सराफी, मुलाला स्वतंत्र दुकान काढून देण्यापूर्वी मामाच्या किंवा एखाद्या स्नेह्याच्या पेढीवर दोन वर्षे बसविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्यालाच आपण उमेदवारी म्हणतो. माल ओळखणे, गिऱ्हाईक ओळखणे आणि उधारी कोणाला द्यावी हे ओळखणे, या तिन्ही गोष्टी पुस्तकातून येत नाहीत, हे आपल्या वडिलांना ठाऊक होते. पाटीच्या धंद्यालाही हाच नियम लागू आहे.

या बाबतीत महाराष्ट्रापुढे एक उत्तम उदाहरण आहे. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९० ते १९५४) कोणत्याही कलाशाळेत शिकले नाहीत. चुलतभाऊ आनंदराव यांच्या जोडीने नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविता रंगविता ते घडले. लोक या दोघांना ‘पेंटर’ म्हणू लागले आणि व्यवसायाचे नाव हेच त्यांचे आडनाव झाले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. परंतु दोघांनी मिळून पाहिलेले चित्रपटनिर्मितीचे स्वप्न बाबूरावांनी पुरे केले. त्यांनी केलेले ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या भारतातील सर्वांत जुन्या सचित्र चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी एक मानले जाते. त्यांच्या हाताखाली विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल तयार झाले. पुढे हेच दोघे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे भागीदार झाले. १९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्यात आली आणि १९३६ मध्ये या जोडीने ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. पडद्यावर रंगाचा हात फिरविण्यापासून सुरू झालेली ही परंपरा एका माणसाने दुसऱ्याला शेजारी बसवून घेतल्यामुळे टिकली.

अक्षराच्या क्षेत्रातही हेच दिसते. मायक्रोसॉफ्टचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडविणारे र. कृ. जोशी (१९३६ ते २००८) यांच्या मार्गदर्शनाखाली अच्युत पालव यांनी तरुणपणी मोडी लिपीचा अभ्यास केला. २०२५ मध्ये पालवांना पद्मश्री जाहीर झाली. गुणवत्ता त्यांची स्वतःची होती. तिला दिशा मिळाली ती योग्य वयात योग्य माणूस भेटल्यामुळे.

आता संगणक असताना गुरू काय शिकविणार, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रस्त्यावरच्या पाट्या देतात. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लोंबकळते. वेलांटी आणि मात्रा वर जातात, उकार खाली उतरतात. इंग्रजी पाटीच्या मापात मराठी नाव बसवू गेले की वरची वेलांटी चौकटीला टेकते आणि खालचा उकार कापला जातो. टंक बदलला की ‘व्यापाऱ्यांची’ या शब्दातील जोडाक्षर फुटते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण मानले. तरी हिंदी वळणाची अक्षरे पाट्यांवर सर्रास दिसतात. शिकविणारा माणूस या चुका पाटी छापण्यापूर्वी पाहतो. एक इंच उंचीचे अक्षर साधारण दहा फुटांवरून सुखाने वाचता येते, हा या धंद्यातील ठोकताळा. चाळीस फूट रुंद रस्त्याच्या पलीकडून नाव वाचता यावे असे वाटत असेल, तर अक्षर किमान चार इंचांचे हवे. शिवाय नाव किती छोटे ठेवावे हेही कळावे लागते, आणि थोडक्या शब्दांत काम कसे भागवावे याचे धडे पुणेरी पाट्यांइतके दुसरीकडे कोठे मिळणार?

काही गोष्टी तर जिवाशी संबंधित आहेत. अॅक्रिलिक लेसरने कापता येते. परंतु सनबोर्ड म्हणून विकला जाणारा पीव्हीसीचा फोम लेसरखाली घातला तर क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, जो फुप्फुसांनाही घातक आणि यंत्रालाही. तो राउटरनेच कापावा लागतो. प्रकाशमान पाटीच्या वीजपुरवठ्यावर पूर्ण भार टाकू नये, सुमारे पंचमांश शिल्लक ठेवावा. पेटीच्या तळाशी पावसाचे पाणी निघून जाण्यास छिद्र ठेवावे. ही माहिती दरपत्रकात नसते. उंच फलकाच्या बाबतीत तर निष्काळजीपणाला क्षमाच नाही. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळ लोखंडी सांगाडा कोसळून ४ जण मृत्युमुखी पडले. १७ एप्रिल २०२३ रोजी किवळे येथे ५ जण, तर १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला १७ जण. वाऱ्याचा जोर, पाया आणि वेल्डिंग यांची भीती ज्याला कोणी घातली नाही, त्याने उंच काम हाती घेऊ नये.

मग असा गुरू शोधावा कसा? प्रथम पायी फिरावे. लक्ष्मी रस्ता, रविवार पेठ, अप्पा बळवंत चौक, मार्केट यार्ड या भागांत सकाळी दुकाने उघडताना एक चक्कर मारावी. नव्या पाटीपेक्षा पाच-सात पावसाळे पाहिलेली, तरी रंग न उडालेली आणि सर्व दिवे पेटणारी पाटी शोधावी. पुष्कळ पेंटर पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपले नाव घालतात. ते टिपून घ्यावे. नाव नसेल तर दुकानदाराला विचारावे. बिघाड झाला तेव्हा तो माणूस आला होता का, हेही विचारावे. जो बोलाविल्यावर आला, त्याच्याकडे शिकण्यासारखे आहे.

त्याच्याकडे जाऊन ‘मला शिकवा’ असे एकदम म्हणू नये. आपल्या घरच्या दुकानाचे काम त्याला द्यावे आणि माप घेण्यापासून पाटी चढेपर्यंत सोबत राहण्याची परवानगी मागावी. त्यात दोघांनाही एकमेकांची पारख होते. एकच माणूस सर्व शिकवील असेही नाही. अक्षराचा गुरू एक, लोखंड-विजेचा दुसरा असू शकतो. अक्षराचा पाया पक्का करण्यास अभिनव कला महाविद्यालयातील उपयोजित कलेचा अभ्यासक्रम आहे. औंधच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डर आणि वीजतंत्री हे अभ्यासक्रम आहेत. १९६१ च्या कायद्याने शिकणाऱ्याला ‘शिकाऊ उमेदवार’ असेच नाव दिले आहे. आपलाच जुना शब्द कायद्याने स्वीकारला म्हणायचा.

आता मुख्य प्रश्न. आयुष्यभर कमावलेले कसब उद्याच्या प्रतिस्पर्ध्याला कोणी का द्यावे? फ्लेक्स आल्यावर हाताने पाट्या रंगविणाऱ्या कित्येकांची कामे गेली. अशा मनुष्यासमोर पैशाची थैली घेऊन उभे राहणे त्याला बरे वाटेलच असे नाही. परंतु व्यापारी घरातील मुलापाशी देण्यासारखे दुसरे काही असते. उत्तम कारागीर पुष्कळदा हिशेबात कच्चा असतो. चौरस फुटाचा दर सांगताना वाहतूक, मचाण आणि मजुरी धरायला विसरतो, आणि थकलेली रक्कम मागायला संकोचतो. त्याची वही नीट लावून द्यावी, अंदाजपत्रक लिहून द्यावे, करांचे कागद सांभाळावेत, उधारी सौजन्याने वसूल करून द्यावी. आपल्याला लहानपणापासून अवगत असलेली विद्या देऊन त्याची विद्या घेतली, तर कोणी कोणाचा मिंधा राहत नाही. मुदत किती, मोबदला काय, पुढे स्वतंत्र दुकान कोणत्या भागात काढायचे, हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने ठरवावे. गुरूचे गिऱ्हाईक आपल्याकडे वळविणे आणि दुसऱ्याने केलेली अक्षररचना उचलणे, या दोन्ही गोष्टी अचौर्य व्रताच्या विरुद्धच आहेत.

अहिंसेचाही विचार येथे येतो. बारीक रेघेसाठी मुंगसाच्या केसांचे ब्रश नावाजले जात. त्यांचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. नायलॉनच्या ब्रशने तेच काम होते. दुकानात ब्रश घेताना तो कशाचा आहे, एवढे विचारले तरी पुरे.

नवकार मंत्राचे चौथे पद उपाध्यायांच्या, म्हणजे शिकविणाऱ्यांच्या वंदनाचे आहे. ज्ञानपंचमीला आपण ज्या हस्तलिखित पोथ्यांची पूजा करतो, त्यांतील कित्येकींच्या अखेरीस लेखकाने आपले नाव, तिथी, गाव आणि गुरूंची परंपरा नमूद केलेली असते. अक्षर लिहिणारा माणूस आपण कोणाचे ऋणी आहोत हे सांगूनच लेखणी खाली ठेवीत असे.

तेव्हा घरातील मुलाने या व्यवसायाची इच्छा व्यक्त केली, तर वडिलांनी लगेच यंत्राचे दरपत्रक मागवू नये. त्याला एक वही घेऊन द्यावी आणि रविवारी त्याच्यासोबत पेठेत फिरावे. आवडलेल्या दहा पाट्या आणि त्या घडविणाऱ्यांची नावे त्या वहीत उतरली, की सोमवारी कोणाच्या दारी जायचे हे आपोआप कळेल. यंत्र वर्षभराने घेतले तरी चालेल.