समुद्रातलं बेणं

इंदापूरच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. शाळेची सहल मालवणला गेली होती. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीवाल्याने पाण्याखालची प्रवाळं दाखवली आणि जाता जाता सांगितलं, की तुकडे लावूनही प्रवाळ वाढवता येतं. त्यावर एका मुलाने विचारलं, "म्हणजे उसाच्या टिपरीसारखं?" बाईंना हो म्हणावं की नाही, ते कळेना.

खुशाल हो म्हणा, बाई. या मुलाने जे एका दमात विचारलं, त्यापाशी पोहोचायला युरोपातल्या विद्वानांना बरीच वर्षं लागली.

अंगठीत पोवळं घालणाऱ्यांनाही ते नेमकं काय आहे, हे बराच काळ ठाऊक नव्हतं. १७०६ साली मार्सिली या इटालियन सरदाराने पोवळ्याच्या ताज्या फांद्या समुद्राच्या पाण्यात ठेवल्या. त्यांवर पांढरी, आठ पाकळ्यांची फुलं उमलली. फुलं आली म्हणजे वनस्पती, प्रश्न मिटला! पण मार्सेयच्या झाँ-आंद्रे पेसोनेल या डॉक्टरने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हीच फुलं पुन्हा पाहिली. हात लावला की ती अंग आत ओढून घेत. फुलं नव्हेत, हे प्राणी आहेत, असं त्याने पॅरिसला कळवलं. तिथल्या रेओमूर या बड्या शास्त्रज्ञाने १७२७ साली हे मत अकादमीपुढे मांडलं, ते खोडून काढण्यासाठी. आणि सांगणाऱ्याचं हसं होऊ नये म्हणून त्याचं नाव झाकून ठेवलं. (असला शिष्टाचार शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.)

पेसोनेलची सुटका केली ती डबक्यातल्या हायड्रा या चिमुकल्या जिवाने. हॉलंडमध्ये एका सरदाराच्या मुलांना शिकवणाऱ्या त्राँब्लेने १७४० मध्ये हायड्राचे तुकडे केले. तुकड्यांपासून नवा जीव वाढला, तर ती वनस्पती, असा त्याचा हिशेब. तुकडे वाढले, पण ते चालत होते, भक्ष्यही पकडत होते! प्राण्याचंही बेणं असू शकतं, हे तेव्हा कळलं. मग रेओमूरने शब्द मागे घेतले आणि पेसोनेलचं नाव छापलं. पण तोवर तो पार कॅरिबियन बेटावर नोकरीला गेला होता.

मालवणची प्रवाळं ही पोवळ्याची लांबची भावंडं, चुन्याचं घर बांधणारी. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. हा व्यवहार बारामतीकरांना लगेच कळेल, कारण ही वाट्याने केलेली शेती आहे. प्रवाळ जागा देतं, कार्बन डायऑक्साइड देतं, स्वतःच्या मलमूत्राचं नत्रखत देतं. शेवाळ उन्हावर साखर बनवतं आणि मालकाच्या गरजेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत अन्न पुरवतं. इतका उदार वाटेकरी आपल्याकडे पंचक्रोशीत सापडायचा नाही.

पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हा करार मोडतो. तापलेलं शेवाळ साखरेबरोबर ऑक्सिजनची विषारी रूपंही तयार करू लागतं, आणि मालक त्याला हाकलून देतो. मग पारदर्शक कातडीतून चुन्याचा सांगाडा दिसतो. प्रवाळ पांढरं पडतं ते असं. त्या क्षणी ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं 'पांढरं पडणं' जाहीर केलं. लक्षद्वीपची प्रवाळंही त्या उन्हाळ्यात पांढरी पडली.

आता लागण. प्रवाळाचा तुकडा सिमेंटच्या चौकटीला बांधून तळाशी ठेवला, तर तो धरतो. मन्नारच्या आखातात तुतिकोरीनच्या संशोधकांनी हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. मला सर्वांत आवडते ती फ्लोरिडातल्या डेव्हिड वॉनची गोष्ट. टाकीच्या तळाला चिकटलेलं प्रवाळ उचलताना त्याच्या हातून ते मोडलं. मागे राहिलेले चिमुकले कण मरतील, असं त्याला वाटलं; पण ते भराभर वाढले. जखम भरून काढायची घाई म्हणा. तीन डोळ्यांच्या टिपरीऐवजी एका डोळ्याचं रोप लावणाऱ्या आपल्या रोपवाटिका याच चालीच्या.

आणि अडचणही तीच. एका बेण्याचं सगळं रान म्हणजे एकच जीव हजार जागी. ८६०३२ या ऊसवाणाने आपल्याला भरभरून दिलं, पण एखादा रोग त्या वाणाला जडला, तर सगळ्या शिवाराला जडतो. नवा वाण हवा तर तुरा लागतो. उसाला तुरा आला, की आपण उतारा घटणार म्हणून कपाळाला हात लावतो. कोइमतूरच्या पैदासकारांना मात्र तोच हवा असतो. प्रवाळालाही तुरा येतो. पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री प्रवाळांच्या असंख्य वसाहती एकदम अंडी आणि शुक्राणू सोडतात. ऑस्ट्रेलियातल्या तरुण संशोधकांनी हे सामूहिक प्रजनन उजेडात आणलं, तेव्हा १९८४ साल उजाडलं होतं! उष्णता सोसणारी प्रवाळं निपजली तर या तुऱ्यातून निपजतील, तुकड्यांतून नव्हे.

म्हणून 'प्रवाळांचं पुनर्वसन' असा मथळा दिसला की मी आधी आकडा शोधतो. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीजवळ सापडलेल्या १८ वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवल्या गेल्या. काम कसबी होतं, पण ते १८ वसाहतींचं होतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. तिथली बरीच प्रवाळं गोलसर धोंड्यांच्या जातीची, वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढणारी. होडीचा नांगर एकदा घासला, की कित्येक वर्षांची वाढ गेली. पावसाळ्यात खाड्यांतून येणारं गोडं, गढूळ पाणी ती पूर्वीपासून सोसत आली आहेत; सांडपाणी, नांगर आणि पर्यटकांचे पाय ही नवी भर. नांगराऐवजी होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये ठेवणं हे मथळ्याचं काम नाही, पण माझं मत विचाराल तर पैसा आधी तिथे जावा. क्षारपड रानात उत्तम बेणं लावून काय होतं, हे नीरा कालव्याच्या खालच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

पत्राच्या शेवटी बाईंनी एक भर घातली आहे. मुलांपैकी कुणीतरी किनाऱ्यावरून जाळीदार पांढरा दगड आणला, आणि तो आता शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे. बाई, त्या जाळीतलं एकेक छिद्र म्हणजे एकेका प्राण्याचं बिऱ्हाड. आणि २००१ पासून अशी सगळी खडकी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात एकदा विचारून या.