इंजिनाचे तेल आणि सांगोवांगीचे शास्त्र

घरात कोणी आजारी पडले म्हणजे जितके वैद्य दारात उभे राहतात, त्यांहून दोन अधिकच मोटारीचे बॉनेट उघडताच भोवती जमतात. एकाचे म्हणणे असते की, तेल काळे पडले, आता ते क्षणभर ठेवू नये. दुसरा सांगतो, तेल कधी बदलूच नये, वरून भर घालीत राहावी. तिसरा दाट तेलाचा कैवार घेतो, तर चौथा इंजिन रॉकेलने धुऊन काढण्याचा आग्रह धरतो. हे सारे सल्ले फुकट असतात आणि मोठ्या आत्मविश्वासाने दिलेले असतात. त्यांची किंमत पुढे मोटारमालकाला मोजावी लागते. आणि ज्याचे पोट त्या मोटारीवर चालते, अशा टॅक्सीवाल्याला किंवा टेंपोवाल्याला तर इंजिन उघडण्याचा एकच प्रसंग कर्जाच्या दारात नेऊन उभा करतो.

नवल असे की, यांपैकी बरेचसे सल्ले मुळात खोटे नव्हते. एके काळी ते खरे होते. पुढे यंत्र बदलले, तेल बदलले, इंधनही बदलले. सल्ला मात्र जागच्या जागी राहिला. म्हणून हे सल्ले पारखण्यापूर्वी तेल इंजिनात नेमके काय करते, हे पाहणे अगत्याचे आहे.

मोटार साधारण वेगाने चालली असता क्रँकशाफ्ट मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतो; तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास. हा फिरणारा दांडा आणि त्याला धरून ठेवणारी बेअरिंगे यांच्यामधली जागा माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असते. त्या जागेत पंपाने दाबून भरलेल्या तेलाचा पापुद्रा असतो, आणि दांडा वस्तुतः लोखंडावर न फिरता त्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. पापुद्रा तुटला की धातू धातूला भिडतो. याखेरीज तेल पिस्टनची उष्णता वाहून नेते, पिस्टनच्या रिंगांपाशी वायूला अडवते, ज्वलनातून आलेली काजळी आपल्यात धरून ठेवते, आणि तयार होणाऱ्या आम्लांचा मारा स्वतः सोसून धातूला वाचवते. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे त्यातून सुमारे एक लिटर पाणी निर्माण होते. त्यातले बहुतेक वाफेच्या रूपाने धुराड्यावाटे निघून जाते. पण थोडा अंश रिंगांच्या फटींतून खाली तेलापर्यंत पोहोचतो. इंजिन पुरेसे तापले तर ही वाफ पुन्हा उडून जाते. रोज दोन मैल जाऊन थांबणाऱ्या मोटारीत मात्र ती तेलातच मुरते. डॉक्टरची किंवा वकिलाची 'जपून वापरलेली' मोटार हमरस्त्यावर धावणाऱ्या मोटारीपेक्षा तेलाच्या दृष्टीने अधिक कष्टात असते, याचे कारण हे आहे.

आता काळेपणाचा विचार. पूर्वीच्या साध्या खनिज तेलात मळ धरून ठेवणारी द्रव्ये नसत. काजळी आणि राळ तेलातून वेगळी होऊन इंजिनाच्या तळाशी आणि नळ्यांत साचे. तेल वरून बरे दिसे आणि आतून चिखल होई. पुढे तेलात मळ सोडविणारी आणि तो तरंगत ठेवणारी रसायने मिसळण्यात येऊ लागली. अशा तेलाने काळे होणे म्हणजे आपले काम करणे होय. डिझेल इंजिनात घातलेले नवे तेल तर थोड्याच किलोमीटरांत काळे पडते. तेव्हा बोटावर थेंब घेऊन रंगावरून निवाडा देणे हे कपडे धुतलेले पाणी गढूळ का झाले, असे विचारण्यासारखे आहे. रंग निरर्थक असतो, असे मात्र नव्हे. तेल दुधाळ किंवा कॉफीच्या फेसासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे. पुष्कळदा हेड गॅस्केट गेल्याने रेडिएटरचे पाणी तेलाला मिळालेले असते. बोटांमध्ये चमकणारे धातूचे कण लागले किंवा पेट्रोलचा उग्र वास आला, तरी दुर्लक्ष करू नये.

जुन्या तेलाच्या काळातच 'तीन हजार मैलांनी, म्हणजे सुमारे पाच हजार किलोमीटरांनी तेल बदलावे' हा नियम अमेरिकेत रूढ झाला. त्या वेळी तो वावगा नव्हता. कार्ब्युरेटरच्या इंजिनात थंडीत चोक ओढला की जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून तेलात उतरे. रस्ते धुळीचे आणि हवेची गाळणी कामचलाऊ असे. आज इंधन मोजून फवारले जाते आणि तेलही पुष्कळ सुधारले आहे. खुद्द कॅलिफोर्निया राज्याच्या कचरा-पुनर्वापर खात्याने हा तीन हजार मैलांचा समज कालबाह्य असल्याचा प्रचार केला, कारण अवेळी फेकलेल्या चांगल्या तेलाची विल्हेवाट लावण्याचा बोजा शेवटी त्याच खात्यावर येत होता. भारतात आजच्या पुष्कळशा पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत दिलेली असते. या वाक्यातला उत्तरार्ध लोक सोयीस्करपणे विसरतात. मोटार वर्षभरात तीनच हजार किलोमीटर चालली, तरी तेलातील ओलावा आणि आम्ल यांना किलोमीटर मोजता येत नाहीत. त्याच पुस्तिकेत पुढे कुठे तरी बारीक अक्षरांत कष्टाच्या वापरासाठी कमी मुदत सांगितलेली असते. धुळीचे रस्ते, सतत थांबत-चालत होणारी शहरातली वाहतूक, घाट, ओझे, अगदी लहान फेऱ्या ही सारी त्या वर्गात मोडतात. डिचोली-सांगे भागात खनिज वाहणाऱ्या रस्त्यांवरच्या किंवा इंदूरच्या बाजारपेठेतून दिवसभर फिरणाऱ्या वाहनाने मोठी मुदत धरून चालणे शहाणपणाचे नाही.

बदलण्याऐवजी केवळ भर घालीत राहण्याचा सल्ला त्याहून वाईट. नव्या तेलाने पातळी भरून निघते. जुनी काजळी, आम्ले आणि खर्ची पडलेली रसायने जिथल्या तिथे राहतात. शिवाय गाळणी चोंदली म्हणजे तिच्यातील झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाऊ लागते. तेल नवे आणि गाळणी जुनी ही काटकसर याच कारणाने फसवी ठरते.

आपला देश उष्ण, तेव्हा तेल दाट हवे, हा युक्तिवाद ऐकायला पटतो. डब्यावर '५ डब्ल्यू-३०' किंवा '२० डब्ल्यू-४०' असे आकडे असतात. अमेरिकेतील 'एस.ए.ई.' या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेची ही पद्धत आहे. 'डब्ल्यू' हे अक्षर 'विंटर' म्हणजे हिवाळ्याचे, वजनाचे नव्हे. पहिला आकडा कमी, तितके तेल गारठ्यात लवकर वाहते. दुसऱ्या आकड्याचा संबंध शंभर अंश सेल्सिअस उष्णतेला राहणाऱ्या दाटपणाशी आहे. इंजिन तापले की थर्मोस्टॅट त्याच्या पाण्याची उष्णता सुमारे नव्वद अंशांच्या आसपास राखतो, मग बाहेर ग्वाल्हेरचा मे असो की पौष. म्हणजे हवेतील उन्हाळ्याचा विचार अभियंत्याने आधीच केलेला असतो. आधुनिक इंजिनात तेलाच्या वाटा अरुंद असतात आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी साधनेही तेलाच्याच दाबावर चालतात. तेथे दाट तेल उशिरा पोहोचते, आणि सकाळी इंजिन सुरू होतानाच्या पहिल्या काही क्षणांत झीज होते. याउलट २०१४ पर्यंत उत्पादन चालू असलेल्या अँबॅसॅडरसारख्या जुन्या घडणीच्या, पुष्कळ चाललेल्या इंजिनाला दाट तेलच मानवते. दोन्ही मोटारींना एकच तेल सांगणारा मिस्त्री त्यांपैकी एकीच्या बाबतीत तरी चुकतो.

दाटपणाच्या आकड्याखेरीज डब्यावर दर्जाची अक्षरे असतात, आणि स्वस्त तेल घेणारा नेमकी तीच वाचत नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत पेट्रोल इंजिनासाठी 'एस' पासून सुरू होणाऱ्या श्रेणी आहेत. दुसरे अक्षर जितके पुढचे, तितके तेल नव्या गरजांचे. 'एस.ए.' श्रेणीचे तेल १९३० नंतर बांधलेल्या बहुतेक पेट्रोल मोटारींना योग्य नाही, असे त्या संस्थेनेच बजावले आहे. २०२० साली आलेल्या 'एस.पी.' श्रेणीत टर्बोवाल्या लहान इंजिनांत कमी वेगावर होणारा अकाली स्फोट आणि टायमिंग चेनची झीज, या दोहोंसाठी चाचण्या घातल्या आहेत. हा अकाली स्फोट पिस्टन फोडू शकतो, आणि त्यात तेलाच्या घडणीचा वाटा असतो, ही गोष्ट जुन्या पिढीच्या मिस्त्रीला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

मोटारसायकलची गोष्ट आणखी निराळी. तिच्या बहुतेक इंजिनांत क्लच तेलातच बुडालेला असतो आणि गिअरही त्याच तेलावर चालतात. मोटारीच्या कित्येक तेलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. क्लचला तर घर्षणच हवे असते. 'मोटारीचे महाग तेल घाल, गाडी पळेल' असे ऐकून ते मोटारसायकलीत ओतले की इंजिन ओरडते, क्लच घसरतो आणि गाडी चढावर मागे रेटते. यासाठी जपानी मानकाची 'जासो एम.ए.' ही खूण पाहावी. कोरड्या क्लचच्या स्कूटरींना 'एम.बी.' चालते. एका लिटरच्या आसपास तेल मावणाऱ्या या इंजिनांवर भार मात्र मोठा पडतो, त्यामुळे त्यांची मुदतही मोटारीपेक्षा पुष्कळ कमी असते.

डिझेलवाल्यांचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. पूर्वी डिझेलमध्ये गंधक भरपूर असे. भारत स्टेज-२ च्या मानकात दशलक्ष भागांत ५०० भाग, स्टेज-३ मध्ये ३५०, स्टेज-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज-६ मध्ये अवघे १०. गंधक जळून शेवटी आम्ल होते आणि ते तेलाला खाते, म्हणून जुने ट्रकचालक लवकर तेल बदलीत, आणि ते बरोबरच करीत. गंधकाचा त्रास सरला. पण नव्या डिझेल मोटारीच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आली. ती भरली की इंजिन जादा डिझेल फवारून तिच्यातील काजळी जाळून टाकते. यासाठी मोटार काही वेळ सलग वेगाने चालावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या मोटारीत हे काम अर्धवट राहते, पुनःपुन्हा सुरू होते, आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते. मग डिपस्टिकवर तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढू लागते. 'गाडी तेल मुळीच खात नाही' म्हणून मालक समाधान मानतो, आणि तेल मात्र आतून पातळ होत जाते. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली तर पाहुणा आला असे समजून ते तेल बदलावे. अशा मोटारीला राख कमी ठेवणारे खास तेल लागते. साधे तेल घातले तर त्याची राख गाळणीत बसते, आणि ती राख कोणत्याही उष्णतेने जळत नाही.

जाणूनबुजून तेल जास्त भरणेही हिताचे नाही. क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही.

परंतु सर्वांत महागात पडणारा सल्ला तेलाच्या तांबड्या दिव्याविषयीचा आहे. समजा, बेळगावचा एखादा टॅक्सीवाला प्रवासी घेऊन चोर्ला घाट उतरत आहे. वळणावर दिवा क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. शेजारचा जाणकार म्हणतो, 'वळणावरच लागतो ना? मग वायर ढिली असेल. खाली साखळीला पाहू.' हा दिवा तेलाची पातळी सांगत नाही, दाब सांगतो. तेल कमी झाले म्हणजे वळणावर ते ऑइल चेंबरच्या एका बाजूला सरकते, पंप तेलाऐवजी हवा ओढतो, आणि त्या क्षणापुरता बेअरिंगांमधला पापुद्रा नाहीसा होतो. साखळी येईपर्यंत वळणे पुष्कळ आहेत. पाव तास थांबून लिटरभर तेलाने जे भागले असते, त्याच्यासाठी पुढे क्रँकशाफ्ट घासून घ्यावा लागतो किंवा इंजिनच धरते, आणि हंगामाचे महिने गाडी गॅरेजात उभी राहते. दिवा चालत्या गाडीत लागला की सुरक्षित जागी थांबून इंजिन तत्काळ बंद करावे, आणि तेल पाहिल्याखेरीज पुन्हा सुरू करू नये. पाहताना गाडी सपाट जागेवर असावी, इंजिन बंद करून काही मिनिटे जाऊ द्यावीत. सळई एकदा पुसून, पुन्हा घालून मग वाचावी.

रॉकेलने इंजिन धुण्याविषयी थोडक्यात सांगायचे तर, पुष्कळसे रॉकेल आतच राहून नव्या तेलाला पातळ करते, आणि सुटलेला चिखल पंपाच्या तोंडच्या जाळीवर जाऊन बसतो. सिंथेटिक तेल एकदा घातले की साध्याकडे परतता येत नाही, ही समजूतही निराधार आहे; योग्य श्रेणीची तेले एकमेकांत मिसळतात. सिंथेटिक तेल उष्णता अधिक सोसते हे खरे, तथापि पुस्तिकेतील मुदत त्याच्या जोरावर आपल्या मनाने दुप्पट करू नये.

काढलेल्या तेलाचे काय करावे, याविषयीही सल्ल्यांना तोटा नाही. जळके तेल सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, वाळवीसाठी दारांच्या चौकटींना फासतात, आणि खरूज झालेल्या कुत्र्याच्या अंगालाही चोपडतात. या तेलात ज्वलनातून उतरलेली कर्करोगकारक द्रव्ये असतात, म्हणून ते कातडीला, मग ती माणसाची असो की जनावराची, लावू नये. गटारात किंवा विहिरीजवळच्या जमिनीत ओतले तर ते पाण्यापर्यंत जाते. भारतात वापरलेले तेल घातक कचऱ्याच्या नियमांखाली येते आणि ते परवानाधारक पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच जावयास हवे. घरी तेल बदलणाऱ्याने ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवावे, त्यात पाणी, पेट्रोल किंवा ब्रेकचे तेल मिसळू नये, आणि जे गॅरेज अशा शुद्धीकरणाच्या कारखान्याला तेल देते तेथे ते पोहोचते करावे.