सशांच्या बंदोबस्तासाठीं रिमफायर काडतुसांची निवड

गेल्या दिवाळींत आमच्या संस्थेच्या एका जुन्या सभासदांचा पुतण्या सुट्टीवर गांवीं आला होता. तो न्यूझीलंडच्या दक्षिण बेटांत, सेंट्रल ओटागो भागांतील मेंढ्यांच्या एका शेतावर कामास आहे. शेताच्या मालकानें त्याजकडे सशांच्या बंदोबस्ताचें काम सोंपविलें. त्यानें रीतसर परवाना काढला, पॉइंट बावीसची रायफल घेतली आणि दुकानांत सर्वांत वेगवान म्हणून जीं काडतुसें होतीं तींच आणलीं. पहिल्याच आठवड्यांत चार ससे गोळी लागूनही बिळांत शिरले व हातीं लागले नाहींत. मालकानें तें पाहिलें आणि रायफल कपाटांत ठेवून कुलूप घातलें. काडतूस कोणतें व कां, हें सांगतां येईपर्यंत माझ्या जमिनीवर बार काढावयाचा नाहीं, असें त्यानें बजावलें. "काका, चूक माझ्या नेमाची कीं काडतुसाची?" असें त्या मुलानें आम्हांस विचारलें. त्यावेळीं जें बोलणें झालें व पुढें पत्रोपत्रीं जें निष्पन्न झालें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. आपल्याकडील बरेच तरुण आतां त्या देशांत व ऑस्ट्रेलियांत शेतांवर कामास आहेत. त्यांच्या वडीलमंडळींस हें उपयोगी पडेल.

तिकडे ससा म्हणजे काय संकट आहे, याची कल्पना आपणांस सहसा येत नाहीं. ऑस्ट्रेलियांत व्हिक्टोरिया प्रांतांतील बार्वन पार्क या इस्टेटीच्या मालकानें, थॉमस ऑस्टिन यानें, १८५९ सालीं शिकारीच्या हौसेसाठीं इंग्लंडाहून थोडे ससे आणवून सोडले. त्यांची संतति खंडाच्या सबंध दक्षिण भागावर पसरली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें १९०१ ते १९०७ या काळांत एकंदर दोन हजार मैलांचें कुंपण घातलें, तरी ससे त्याच्या पलीकडे गेलेच. १९५० सालीं मिक्झोमा रोगाचा विषाणु सोडण्यांत आला. १९९५ सालीं दुसऱ्या एका रोगाचा विषाणु वॉर्डांग बेटावरील प्रयोगांतून निसटला, आणि १९९७ सालीं तोच न्यूझीलंडांत कायदा मोडून चोरून नेण्यांत आला. प्रत्येक वेळीं ससे धडाधड मेले. प्रत्येक वेळीं वांचलेल्यांत प्रतिकारशक्ति आली आणि संख्या पुन्हा वाढूं लागली. दहा-बारा ससे एका मेंढीचा चारा खातात, असा तेथील शेतकऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. कुरण खाऊन झाल्यावर ते माती उकरतात व उतारावरील जमीन वाहून जाते, तें नुकसान निराळेंच.

बंदुकीनें सशांचा नायनाट होतो अशी कोणी समजूत करून घेऊं नये. बिळें नांगरून मोडणें, विषारी आमिष व कुंपण हीं मुख्य साधनें होत. त्यांतून जे उरतात ते टिपण्यापुरतें रायफलीचें काम. परंतु उरलेल्यांपासूनच पुढची पिढी होत असल्यामुळें तें काम क्षुल्लक नव्हे.

आतां काडतुसाकडे वळूं. रिमफायर म्हणजे ज्याच्या पितळी टोपणाच्या बुडाशीं असलेल्या कांठांत पेट घेणारा मसाला भरलेला असतो तें काडतूस. चाप ओढतांच आघात कांठावर होतो, कांठ चेपतो, मसाला पेटतो व दारूला आग पोंचते. पॅरिसच्या फ्लोबेर या कारागिरानें १८४५ च्या सुमारास या जातीचें चिमुकलें काडतूस घरांत नेमबाजी करण्यासाठीं काढलें. १८५७ सालीं स्मिथ व वेसन या अमेरिकन कारखान्यानें पॉइंट बावीस शॉर्ट आणिलें. आणि आज ज्याचा सर्वत्र खप आहे तें पॉइंट बावीस लाँग रायफल १८८७ सालचें. कांठ चेपला जावा म्हणून टोपण पातळच ठेवावें लागतें, त्यामुळें आंत फार दाब सहन होत नाहीं. शिवाय एकदां उडालेलें टोपण पुन्हा भरतां येत नाहीं. मोठ्या रायफलीचा धनी आपल्या हातानें दारू कमीजास्त करून काडतूस बेततो. रिमफायरवाल्यास ती सोय नाहीं. कारखान्यानें जें भरून दिलें त्यांतूनच निवड करणें त्यास प्राप्त आहे.

या काडतुसाची नेहमींची गोळी ४० ग्रेनची. जुन्या एका तोळ्याचे १८० ग्रेन होत असत, म्हणजे ही पाव तोळ्याहूनही हलकी. मंद जातीचें काडतूस ती सेकंदास सुमारें १०५० फूट वेगानें सोडतें, साधें १०७० च्या आसपास, जलद जातीचें १२५० च्या आसपास, आणि अतिजलद म्हणून जें विकतात तें ३२ ग्रेनची हलकी गोळी १६०० फुटांहून अधिक वेगानें फेंकतें. आमच्या पुतण्यानें हें शेवटचें घेतलें होतें. वेग जास्त तेवढें काम चोख, असा कोणाचाही तर्क होईल. पण येथें तो फसतो.

उन्हाळ्याच्या बेतास बात हवेंत, म्हणजे २० अंश सेल्सिअसला, ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ११२५ फूट असतो. गोळी त्याहून वेगानें निघाली कीं हवेचा विरोध एकदम वाढतो. हलकी गोळी तर आपला वेग पहिल्या कांहीं यार्डांतच उधळून टाकते. वाऱ्यानें गोळी किती बाजूस सरकेल हें ती हवेंत किती वेळ होती यापेक्षां, हवेच्या विरोधानें तिचा किती वेळ खाल्ला यावर अवलंबून असतें. म्हणून जलद गोळी मंद गोळीपेक्षां वाऱ्यांत अधिक भरकटते. ऐकणारास हें उफराटें वाटतें. आम्हांसही प्रथम वाटलें होतें. ओटागोच्या उघड्या डोंगरउतारावर वारा बाराही महिने असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या चार सशांचा उलगडा बऱ्याच अंशीं होतो.

मंद काडतुसाचा दुसरा गुण म्हणजे शांतता. ध्वनीहून जलद गोळी चाबकासारखा कडाका काढीत जाते आणि त्यानें आसपासचे सगळे ससे बिळांत पळतात. मंद गोळीला तो कडाका नसतो. न्यूझीलंडांत रायफलीच्या तोंडावर ध्वनि दाबणारें नळकांडें लावण्याची मोकळीक आहे. तें लावलें असतां एका जागीं बसून तीन-चार ससे मिळूं शकतात. ऑस्ट्रेलियांत मात्र त्या नळकांड्यास बहुतेक ठिकाणीं मनाई आहे. एक बारकावा असा कीं, थंडीनें ध्वनीचाच वेग उतरतो. शून्य अंशाला तो १०८६ फुटांच्या आसपास येतो. १०७० चें साधें काडतूस दुपारीं मुकाट्यानें जातें, परंतु हिंव पडलेल्या पहांटे त्यांतील एखादें कडाडतें. पहांटेच्या शिकारीस म्हणूनच मंद म्हणून स्पष्ट छाप असलेलें घ्यावें. आपोआप भरणाऱ्या रायफलींत मात्र मंद काडतुसाच्या जोरानें यंत्र कधीं कधीं पुरतें मागें सरत नाहीं व टोपण अडकतें. हातानें दांडा ओढून भरावयाच्या रायफलीस ही अडचण नाहीं.

मंद काडतुसाचा दोष उघड आहे. गोळी लवकर खालीं येते. पन्नास यार्डांवर नेम जुळविला तर शंभर यार्डांवर ती सहा-सात इंच खालीं लागते. सशाच्या डोक्यांत ज्या जागीं गोळी लागली असतां तो तत्काल मरतो ती जागा लिंबाएवढी. अंतराचा अंदाज दहा-पंधरा यार्डांनीं चुकला तरी लांबच्या सशाचा जबडा किंवा पोट फुटतें. त्यावर उपाय वेगवान काडतूस हा नव्हे. जवळ जाणें हा होय. साठ यार्डांच्या पुढें पॉइंट बावीसनें सशावर बार काढूं नये, असें आमचें मत आहे. उत्तम नेमबाज याहून पुढें जातील, परंतु हा लेख त्यांच्यासाठीं नाहीं.

गोळीच्या घडणीविषयीं फार लिहावयास नको. भरीव, वाटोळ्या टोंकाची गोळी निशाणाच्या कागदासाठीं चांगली. सशाच्या अंगांतून ती आरपार जाते आणि जनावर तशा स्थितींतही बीळ गांठतें. पोकळ टोंकाची मऊ शिशाची गोळी आंत जातांच पसरते व आपला सगळा जोर तेथेंच देते. सशासाठीं हीच घ्यावी.

परंतु कोणत्या कारखान्याची? याचें उत्तर छापील जाहिरातींत नाहीं, तुमच्या रायफलीच्या नळींत आहे. एकाच कारखान्यांतून एकाच दिवशीं निघालेल्या दोन रायफलींना निरनिराळीं काडतुसें मानवतात. म्हणून आम्हीं पुतण्यास असा सल्ला दिला कीं, चार-पांच जातींची एकेक पेटी आण, वारा नसलेल्या सकाळीं बस, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकीव आणि पन्नास यार्डांवर प्रत्येक जातीचे पांच-पांच बार तीन-चार वेळां काढ. जात बदलली कीं पहिले आठ-दहा बार हिशेबांत धरूं नकोस. गोळीवरील मेणाचा थर नळींत बसावा लागतो, आणि आधींच्या जातीचा थर निघून नवा बसेपर्यंत गोळ्या विखुरतात. जी जात सर्वच्या सर्व गोळ्या दीड इंचाच्या वर्तुळांत टाकील ती ठेव. पांचांपैकीं चार एका भोंकांत गेल्या व पांचवी दोन इंच दूर गेली, तर ती जात टाकून दे. ती पांचवी गोळी म्हणजेच बिळांत मरणारा ससा.

त्याचें पत्र दोन महिन्यांनीं आलें. त्याच्या त्या अतिजलद काडतुसांनीं तीन इंचांचा पसारा केला होता, तोही वारा नसतां. सर्वांत महाग जात दुसरी आली. एका मध्यम किंमतीच्या मंद, पोकळ टोंकाच्या जातीनें एका इंचाच्या आंत गोळ्या घातल्या. पेटीवर घाण्याचा क्रमांक छापलेला असतो. त्याच क्रमांकाच्या जेवढ्या पेट्या मिळाल्या तेवढ्या त्यानें घेऊन ठेवल्या. हें त्याचें करणें शहाणपणाचें झालें, कारण त्याच नांवाचा दुसरा घाणा तसाच चालेल अशी खात्री नसते.

कोणी म्हणेल, लांबचा ससा मारण्यास दुसरें साधन नाहीं काय? आहे. १९५९ सालीं निघालेलें पॉइंट बावीस मॅग्नम आणि २००२ सालचें पॉइंट सतरा एच. एम. आर. हीं दोन्ही रिमफायरच आहेत. सतराची १७ ग्रेनची गोळी सेकंदास २५५० फुटांनीं निघते व सव्वाशें यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ जाते. ती लागतांच फुटते, त्यामुळें दगडावरून उसळून जाण्याचें भय तुलनेनें कमी. पण आवाज मोठा, काडतूस महाग, वाऱ्याला नाजूक, आणि सशाचें मांस खावयाचें असेल तर डोक्याखेरीज इतरत्र लागलेली गोळी तें नासविते. पॉइंट बावीसच्या रायफलींत यांपैकीं एकही चालत नाहीं. निराळी रायफल लागते.

एका गोष्टीविषयीं मात्र आम्ही थोडें कठोर बोलणार आहों. हें काडतूस करंगळीएवढेंही नाहीं, म्हणून त्यास खेळणें समजण्याची चाल पडली आहे. पेटीवरच बहुधा छापलेलें असतें कीं गोळीचा पल्ला दीड मैल आहे. शिशाची मंद गोळी कठीण जमिनीवर, दगडावर किंवा पाण्यावर तिरकी लागली तर गुणगुणत उसळते आणि कोठें जाईल याचा नेम नाहीं. सशाच्या मागें मातीचा चढ दिसत असेल तरच बार काढावा. टेकाडाच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर बसलेला ससा कितीही सोयीचा दिसला तरी सोडून द्यावा; पलीकडच्या उतरणीवर शेजाऱ्याचा मुलगा मेंढ्या वळीत असेल. रात्रीं दिव्याच्या झोतांत नुसते चमकणारे डोळे पाहून चाप ओढणें तर सर्वस्वीं अक्षम्य. चाप ओढूनही काडतूस उडालें नाहीं, तर नळीचें तोंड निर्धोक दिशेस ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावें. कांठांतील मसाला कधीं कधीं उशीरा पेट घेतो.

मेलेले ससे रानांत टाकून देऊं नयेत. गोळीचे शिशाचे कण मांसांत राहतात व तें खाणारे गरुड-गिधाडांसारखे पक्षी विषबाधेनें मरतात. कॅलिफोर्नियांत काँडोर नांवाच्या गिधाडाच्या नाशास हेंच एक मुख्य कारण ठरलें, आणि १ जुलै २०१९ पासून त्या राज्यांत शिकारीसाठीं शिशाच्या गोळ्यांस बंदी आहे. तांब्याच्या गोळ्या मिळतात. त्या वापरणारानेंही वरील कागदाची परीक्षा आधीं करावी.

हें वाचून येथील कोणा वाचकास आपल्या शिवारांतील सशांची आठवण झाली असेल, म्हणून स्पष्ट लिहितों. आपला ससा निराळ्या जातीचा असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रक्षित आहे. त्याची शिकार हा गुन्हा होय. त्या कायद्याच्या पांचव्या परिशिष्टांत उंदीर, घुशी, कावळा व फळें खाणारीं वटवाघळें उपद्रवी म्हणून होतीं. २०२२ च्या दुरुस्तीनें तें परिशिष्टच गेलें व ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या वन्य जनावराविषयीं कलम ११ खालीं वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी मागावी लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्यांतही पीकरक्षणासाठीं ठासणीची बंदूक, व ती अपुरी ठरल्यास चोपड्या नळीची दुसरी बंदूक, सांगितली आहे. पॉइंट बावीसची रायफल ही मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदास निशाणाच्या सरावासाठीं म्हणून २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत तेथें नमूद होती. रानडुकरावर ही गोळी झाडणें म्हणजे कायदा मोडून वर जनावरास कुजत मरावयास लावणें. शेतांतील उंदरांस तर बिळें बुजविणें व आमिष हेंच बरें.

पुतण्याच्या पत्राच्या शेवटीं दोन ओळी आहेत. मालकानें कागदाचीं निशाणें मागवून घेतलीं, दिव्यासमोर धरून पाहिलीं आणि कपाटाची किल्ली दिली. तेव्हांपासून तो साठ यार्डांच्या पुढें बार काढीत नाहीं. दिवसाला पूर्वीपेक्षां कमी ससे मिळतात, परंतु गोळी लागलेला प्रत्येक ससा जागींच मिळतो, असें तो लिहितो.