व्हायोलिनचा गज आणि राळ

नवे व्हायोलिन घरी आणावे, गज ताणून तारेवर ओढावा आणि सुस्काऱ्यासारख्या क्षीण आवाजाखेरीज काहीच ऐकू येऊ नये, असा अनुभव पुष्कळ नवशिक्यांना येतो. वाद्य सदोष आहे, किंवा आपल्या हातात ही कला नाही, अशी त्यांची समजूत होते; काही जण तेवढ्यावरून वाद्य बाजूलाही ठेवतात. वास्तविक दोष बहुधा वाद्याचाही नसतो आणि हाताचाही नसतो. गजाच्या केसांना राळ लावलेली नसते, एवढेच त्याचे कारण असते.

राळ म्हणजे काय?

चीड जातीच्या झाडाच्या खोडाला खाच पाडली असता तीतून चिकट रस पाझरतो. हिमालयाच्या उतारांवर हे वृक्ष विपुल आहेत. हा रस तापवून त्याचे ऊर्ध्वपातन केले म्हणजे बाष्परूपाने उडणारे टर्पेंटाइन वेगळे होते. मागे जो पिवळसर किंवा तपकिरी, काचेसारखा ठिसूळ पदार्थ उरतो, तीच राळ होय. तिचा बहुतेक भाग अ‍ॅबिएटिक अम्ल आणि त्याच्या जातीची इतर अम्ले यांचा असतो. वाद्यांच्या दुकानांत तिची वडी ‘रोझिन’ या नावाने मिळते. आशिया मायनरमधील कोलोफोन या प्राचीन नगरावरून तिला ‘कोलोफनी’ असेही नाव पडले आहे.

चिकटणे आणि सुटणे

कॅरमच्या फळीवर आपण पांढरी भुकटी टाकतो, ती सोंगटी सहज घसरावी म्हणून. गजावर दिसणारी पांढरी भुकटी मात्र नेमकी उलट कामासाठी असते. पिठाच्या गिरणीचा पट्टा चाकावरून घसरू लागला की त्यावर राळ टाकतात. गजावरील राळेचे काम त्या जातीचे आहे. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लावलेले असतात. नुसते केस गुळगुळीत असतात आणि तारेवरून न पकडता सरकून जातात.

परंतु केवळ चिकटपणाने स्वर निघत नाही. तार केसांना चिकटून राहिली, तर ती कंप पावणार कशी? राळेचा खरा गुण असा की, तार व केस एकत्र सरकत असताना ती घट्ट पकड देते. पण एकदा घसरणे सुरू झाले की तीच पकड एकाएकी ढिली पडते. गज ओढला की तार त्याच्याबरोबर बाजूला खेचली जाते, मग सुटून झपाट्याने मागे घसरते आणि पुन्हा चिकटते. ४४० कंपनांच्या स्वरात ही क्रिया दर सेकंदाला ४४० वेळा घडते.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी या गतीचे सूक्ष्मदर्शकातून निरीक्षण केले आणि १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. तारेवर एक टोकदार वळण तयार होते. ते घोडीपासून बोटापर्यंत आणि परत घोडीपर्यंत अखंड धावत असते. हे वळण घोडीकडे जाताना गजाखालून गेले की तार सुटते; परत येताना गेले की ती पुन्हा पकडली जाते.

पकड अशी एकाएकी ढिली का पडते, यावर केंब्रिज येथील स्मिथ आणि वुडहाउस यांनी २००० साली प्रकाश टाकला. घसरताना घर्षणाने राळ क्षणभर तापते व मऊ होते; तार पुन्हा चिकटली की ती निवते व घट्ट होते. तापताच मऊ होण्याचा हा गुणच येथे उपयोगी पडतो.

बंगळूर आणि व्हायोलिन

बंगळूर शहराचा व्हायोलिनशी संबंध दुहेरी आहे. ध्वनिवर्धक सर्वत्र नव्हते त्या काळात आपला स्वर सभागृहाच्या टोकापर्यंत पोहोचावा म्हणून चाराऐवजी सात तारांचे व्हायोलिन वाजविणारे म्हैसूरचे टी. चौडय्या (१८९५–१९६७) यांच्या स्मरणार्थ येथे व्हायोलिनच्याच आकाराचे सभागृह उभारले आहे. दुसरा संबंध शास्त्राचा आहे. १९३३ साली भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून येथे आलेले आणि १९४८ साली येथेच स्वतःची संशोधनसंस्था स्थापन करणारे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, कलकत्त्यात असताना, गजाने वाजणाऱ्या तारांचा सखोल अभ्यास केला होता. त्यावरील त्यांचा प्रबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला.

वादकाचा हात प्रत्येक वेळी सारखा चालत नाही. म्हणून रामन यांनी यंत्राने वाजणारे व्हायोलिन तयार केले. त्यात गज जागच्या जागी ठेवून व्हायोलिनच एकसारख्या वेगाने मागेपुढे सरकवले जाई. भरीव व स्थिर स्वर निघण्यासाठी गजाचा काही किमान दाब आवश्यक असतो आणि गज घोडीच्या जवळ नेला की तो वाढत जातो, असे या प्रयोगांतून दिसून आले.

नवशिक्याच्या दृष्टीने यातील मर्म असे की, हा किमान दाब राळेवरही अवलंबून असतो. चिकटलेल्या आणि घसरत्या अवस्थांतील पकडीत जितका फरक अधिक, तितका कमी दाब पुरतो. राळ अपुरी असेल तर विद्यार्थी नकळत गज दाबून धरतो, त्याचे मनगट ताठर होते आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षे जात नाही.

राळ लावण्याची रीत

प्रथम गजाचा स्क्रू फिरवून केस ताणावेत. काठी आणि केस यांच्यामध्ये पेन्सिलीच्या जाडीएवढे अंतर राहिले म्हणजे पुरे. केसांना बोट लावू नये. त्वचेवरील तेलकटपणामुळे तेथे राळ नीट धरत नाही.

नव्या वडीचा पृष्ठभाग गुळगुळीत व चकचकीत असतो. त्यावर बारीक पॉलिशकागद हलकेच फिरवून भुकटी सुटू द्यावी. मग वडी एका हातात स्थिर धरून तीवरून गज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश व हलक्या दाबाने न्यावा. वेगाने घासल्यास उष्णतेने राळ वितळून केसांवर तुकतुकीत थर बसतो. वडी अधूनमधून फिरवीत जावी, म्हणजे तिला एकाच जागी खोल चर पडणार नाही.

अगदी कोऱ्या केसांना पुष्कळ वेळा, तीस-चाळीस फेऱ्यांपर्यंतही राळ लावावी लागते. एकदा केसांत ती मुरली की पुढे वादनापूर्वी तीन ते पाच फेऱ्या पुरेशा होतात.

अधिक राळ म्हणजे अधिक स्वर नव्हे

राळ कमी असेल तर स्वर क्षीण होतो व गज घसरतो. ती जास्त झाली तर स्वर खरखरीत होतो आणि वाजविताना भुकटी उडते. असे झाल्यास आणखी राळ न लावता काही वेळ नुसता सराव करावा. जास्तीची राळ आपोआप निघून जाते.

वादन संपल्यावर तारांवरील व लाकडावरील भुकटी कोरड्या, मऊ सुती कापडाने पुसावी. ती तशीच राहिली तर वार्निशवर चिकटून बसते. लाकडावर स्पिरिट मात्र कधीही लावू नये; त्याने राळेबरोबर वार्निशही विरघळू शकते. शेवटी केस ढिले करून गज पेटीत ठेवावा. वडी उन्हात ठेवू नये. ती मऊ होते. पडल्यास तिचे तुकडे होतात, म्हणून ती कापडात गुंडाळावी. काही व्यक्तींना राळेमुळे त्वचेचा किंवा श्वासाचा त्रास होतो. त्यांनी भुकटी श्वासात जाऊ न देण्याची काळजी घ्यावी.

राळ योग्य प्रमाणात आहे की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. गज न दाबता, केवळ त्याच्या भाराने ओढला असता स्वर लगेच आणि स्वच्छ उमटला पाहिजे. तसा तो उमटत असेल, तर वडी बाजूला ठेवून विद्यार्थ्याने सरावास बसावे.